घाण्याला शनिवारची सुट्टी

गेल्या महिन्यात याच पानावर ज्यू इतिहासावरच्या कादंबऱ्यांविषयी मी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे पान त्यांनाच दिलं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. जन्म आणि संसार दोन्ही सात रस्त्याच्या आसपास झाले, आणि नोकरीची सगळी वर्षं ग्रंथालयात, पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलापाशी गेली. या विषयावर मला अलिप्त राहून लिहिता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही.

गिरगावातले एक निवृत्त शिक्षक विचारतात : लिऑन युरिसची ‘एक्झोडस’ ही कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती, आता पुन्हा वाचतो आहे. ती वाचली म्हणजे इस्रायलच्या जन्माचा इतिहास कळला असं समजावं का?

नाही, सर. त्या काळची हवा कळते, इतिहास कळत नाही.

माझ्या मामाने ती कादंबरी फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी विकत आणली होती. शब्दकोश मांडीवर घेऊन तो गॅलरीत वाचत बसायचा. त्याची वाचून झाल्यावर ती आमच्या चाळीत सात-आठ घरं फिरली. कोणाचा भाऊ तिकडे गेलेला, कोणाची लेक. पत्रांत जे लिहून येत नव्हतं ते ही माणसं त्या पुस्तकात शोधत होती. म्हणून १९५८ सालच्या त्या पुस्तकाचा मला राग येत नाही. पण त्यात काय बदललं आहे ते ठाऊक असायला हवं.

खरं ‘एक्झोडस’ जहाज जुलै १९४७ मध्ये फ्रान्सच्या सेत बंदरातून निघालं. जहाजावर सुमारे साडेचार हजार माणसं होती, बहुतेक सगळी युरोपातल्या संहारातून वाचलेली. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौकांनी त्याला धडक दिली, झटापटीत तिघे मेले. प्रवाशांना दुसऱ्या जहाजांत भरून फ्रान्सला परत नेलं. तिथे त्यांनी उतरायला नकार दिला. भर उन्हाळ्यात आठवड्यांमागून आठवडे ते जहाजातच बसून राहिले. शेवटी सप्टेंबरात त्यांना हॅम्बुर्गला नेऊन उतरवलं. म्हणजे जर्मनीत! ज्या मातीतून जीव घेऊन निघाले, पुन्हा त्याच मातीत.

कादंबरीतलं जहाज सायप्रसहून निघतं. त्यावर मुलं आहेत, ती उपोषण करतात, ब्रिटिश नमतात आणि जहाज सुखरूप पोहोचतं. कादंबरीकाराने कल्पना लढवावी, त्याला कोणी अडवलेलं नाही. पण इथे कल्पनेने खऱ्या माणसांचा सगळ्यात कठीण भाग पुसून टाकला. हॅम्बुर्गची हकीकत मी पुष्कळ वर्षांनी ग्रंथालयात बसून वाचली, आणि त्या दिवशी मला कादंबरीने फसवल्यासारखं वाटलं. त्या साडेचार हजारांचा धीर विजयापेक्षा मोठा होता.

दुसरं, त्यातले अरब. त्यांना चेहराच नाही. असतील ते भित्रे, लबाड, नाहीतर उपकार मानणारे. सर, तुम्ही आता एस. यिझहार यांची ‘खिर्बेत खिझे’ मिळवा. हा इस्रायली लेखक १९४८ च्या युद्धात स्वतः सैनिक होता आणि १९४९ सालीच त्याने ही छोटी कादंबरी लिहिली. एक तुकडी एका अरब खेड्यात जाते, म्हातारी माणसं आणि बायकामुलं ट्रकांत भरते, गाव रिकामं करते. सांगणारा सैनिक ते बघत असतो आणि आपल्या स्वतःच्या लोकांची हद्दपारी त्याच्या डोळ्यांपुढे येते. लिहिणारा पुढे तिथल्या संसदेतही बसला, आणि हे पुस्तक तिथल्या शाळांतही शिकवलं गेलं. त्यानंतर लेबनॉनच्या इलियास खूरी यांची ‘बाब अल-शम्स’ वाचा, १९९८ सालची. घरंदारं गेलेल्या पॅलेस्टिनी माणसांच्या आठवणी तिच्यात आहेत. हे दोन्ही न वाचता ‘एक्झोडस’ वाचणं म्हणजे भाऊबंदकीचा दावा एकाच भावाच्या तोंडून ऐकणं.

दादरची एक विद्यार्थिनी विचारते : मी मराठी ऐतिहासिक कादंबरीवर प्रकल्प करते आहे. आपल्याकडे पारतंत्र्यात असताना शिवकाळाच्या कादंबऱ्या आल्या. ज्यूंमध्ये असं काही घडलं का?

घडलं, आणि जवळजवळ त्याच काळात. आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१. हिब्रूतली पहिली कादंबरी मानतात ती ‘अहावत सियोन’, म्हणजे सियोनवरचं, यरुशलेमवरचं प्रेम, १८५३. लेखक अब्राहाम मापू हे लिथुआनियातल्या कोवनो गावचे गरीब शिक्षक. कादंबरी घडते यशया संदेष्ट्याच्या काळातल्या यरुशलेममध्ये. द्राक्षमळे, मेंढपाळ, राजवाडा, प्रेम, कपटकारस्थान सगळं आहे. मापूने तो देश कधी पाहिला नव्हता. झारच्या राज्यात, बर्फात बसून, तनाखच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या हिब्रूतले शब्द वेचून वेचून त्याने तिथलं ऊन उभं केलं. बोलण्यातून गेलेल्या भाषेत प्रेमकथा सांगता येते हेच लोकांना नवीन होतं. पुढे पॅलेस्टाइनला गेलेल्या कितीतरी तरुणांनी ती लहानपणी वाचलेली होती.

तुझ्या प्रकल्पाला उपयोगी पडेल असा फरक सांगते. गुंजीकरांच्या वाचकाला किल्ला बघायचा तर चालत जाता येत होतं. भाषा तर घरात होतीच. मापूच्या वाचकाला देशही पुस्तकातच आणि भाषाही पुस्तकातच. म्हणून तिथे कादंबरीवर भार जास्त पडला. इतका, की एका शहराचं नाव कादंबरीवरून पडलं. ज्यूंच्या स्वतंत्र देशाची चळवळ उभारणाऱ्या थिओडोर हर्झलची १९०२ सालची जर्मन कादंबरी ‘आल्टनॉयलांड’, म्हणजे जुना-नवा देश. तिच्या हिब्रू भाषांतराला नाहुम सोकोलोव यांनी ‘तेल अवीव’ हे नाव दिलं. ‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, ज्याला आपल्याकडे खेड्यात पांढर म्हणतात, आणि ‘अवीव’ म्हणजे वसंत. याफाजवळच्या वाळूत १९०९ साली जी वसाहत सुरू झाली, तिने पुढच्याच वर्षी हे नाव घेतलं. हर्झलची कादंबरी भविष्याची आहे, तुझ्या विषयात ती काटेकोरपणे बसणार नाही. पण मापूनंतर अर्ध्या शतकात कल्पना कुठून कुठे गेली ते तिच्यावरून दिसेल.

विलेपार्ल्याच्या एक वाचक लिहितात : पर्यटक म्हणून मसाडाचा किल्ला पाहून आले. गाइडने सांगितलेली गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. त्यावरची चांगली कादंबरी सुचवा.

ताई, तुम्ही मागितलं त्याहून थोडं वेगळं सुचवते आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

गाइडने तुम्हाला सांगितलं असेल की इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं, त्यानंतर तीन-चार वर्षं हा किल्ला लढत राहिला आणि शेवटच्या रात्री आतल्या ९६० माणसांनी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण पत्करलं. मृत समुद्राकाठचा तो उभा कडा आणि रोमनांनी चढून यायला घातलेला मातीचा उतार आपल्या डोळ्यांना ओळखीचा वाटतो. आपण गडकोटांच्या गोष्टींवर वाढलेली माणसं, आपल्या अंगावर काटा लवकर येतो. यित्झहाक लामदान या कवीने १९२७ साली मसाडावर दीर्घकविता लिहिली. मसाडा पुन्हा पडणार नाही, ही तिच्यातली प्रतिज्ञा पिढ्यांच्या तोंडी बसली. सैनिकांचे शपथविधी तिथे झाले. यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ मध्ये उत्खनन केलं तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष तिकडे लागलं होतं.

पण त्या शेवटच्या रात्रीची हकीकत आपल्यापर्यंत एकाच लेखणीतून आली आहे, आणि तो लिहिणारा त्या रात्री गडावर नव्हता. तो शत्रूच्या गोटातला होता. योसेफ बेन मत्तित्याहू हे त्याचं मूळ नाव, जगाला तो जोसीफस म्हणून माहीत. यरुशलेमच्या याजक घराण्यातला, बंडाच्या सुरुवातीला गालीलचा सेनापती. सन ६७ मध्ये योतपत हे तिथलं तटबंदीचं गाव पडलं तेव्हा चाळीस जणांबरोबर गुहेत लपला. शरण न जाता चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारायचं ठरलं. शेवटी दोघे उरले, त्यांतला एक हा. तो रोमनांच्या स्वाधीन झाला, पुढे रोमचा नागरिक झाला, सम्राटाच्या घराण्याचं नाव लावू लागला, आणि रोममध्ये बसून त्याने आपल्या लोकांच्या विनाशाचा इतिहास लिहिला.

विचार करा. जो मरणाच्या चिठ्ठीतून सुटला, त्यानेच मसाडाच्या मरणाच्या चिठ्ठ्यांची गोष्ट लिहून ठेवली. आपल्याकडे असं म्हटलं की लोक एका शब्दात निकाल देतात : फितूर. मीही पुष्कळ वर्षं तोच निकाल दिला होता. लिऑन फॉइष्टवांगर या जर्मन ज्यू लेखकाने मला तो मागे घ्यायला लावला. जोसीफसवर त्याची तीन भागांची कादंबरी आहे, पहिला भाग १९३२ चा. मी सुचवते आहे ती हीच. मसाडाची शौर्यगाथा म्हणून हातात घ्याल तर निराश व्हाल. तिचा नायक रोमन झाला तरी रोम त्याला परका मानतो आणि त्याचे लोक त्याला पायरीशी उभं करत नाहीत. दोन्हीकडचा असणं म्हणजे काय, ते तो आयुष्यभर सोसतो आणि तरीही लिहीत राहतो.

या कादंबरीचीही एक कहाणी आहे. दुसऱ्या भागाचं काम चालू असताना, १९३३ च्या सुरुवातीला, फॉइष्टवांगर व्याख्यानांसाठी अमेरिकेत होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बर्लिनचं त्याचं घर लुटलं, हस्तलिखित गेलं, पुस्तकं जाळली, नागरिकत्व काढून घेतलं. तो परत गेलाच नाही. फ्रान्समध्ये बसून त्याने तो भाग पुन्हा लिहिला, आणि लिहिता लिहिता दोन भागांच्या ठरलेल्या कादंबरीचे तीन भाग झाले. पहिला भाग लिहिणारा जर्मन नागरिक होता, दुसरा लिहिणाऱ्याला देशच नव्हता. वाचताना हा फरक जाणवतो. तिथे मी पुस्तक मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले होते, ते आजही आठवतं.

आणखी एक. जोसीफस लिहितो की मसाडावर दोन बायका आणि पाच मुलं पाण्याच्या भुयारात लपून वाचली. पानिपताच्या पत्रातलं ते वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. कवींनी आणि गाइडांनी मसाडाचे मोती मोजले. त्या दोन बायका खुर्द्यातल्या. पण त्या वाचल्या म्हणून तर कोणाला तरी काही सांगता आलं! त्या पाच मुलांना घेऊन त्या कुठे गेल्या असतील, मुलांना काय सांगितलं असेल, हे मनात धरून जी कादंबरी लिहिली जाईल ती मी रात्र जागून वाचेन.

कुलाब्याहून एकाने विचारलं आहे : मुंबई आहे अशी एखादी?

अनिता देसाईंची ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’, १९८८. बर्लिनचा ज्यू तरुण ह्युगो नाझींपासून वाचायला हिंदुस्थानात येतो. युद्ध सुरू होताच ब्रिटिश त्याला जर्मन म्हणून पकडतात आणि नाझी मतांच्या जर्मनांबरोबर एकाच छावणीत डांबतात. जर्मनीने सांगितलं तू जर्मन नव्हेस, इंग्रजांनी सांगितलं तू जर्मनच. मागे राहिलेल्या आईची पोस्टकार्डं येतात आणि मग यायची थांबतात. पुढे तो मुंबईत ताजच्या मागच्या गल्लीत मांजरांना सांभाळत म्हातारा होतो. मुंबईतले सगळे ज्यू एकच असं समजून मात्र वाचू नका. बाउमगार्टनर युरोपातला निर्वासित. ससून घराणं बगदादचं, डेव्हिड ससून १८३२ मध्ये इथे आले. तुमच्या रोजच्या वाटेवरची गोदी, वाचनालय आणि काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्या घराण्याचं. आम्ही बेने इस्रायल कोकणातून आलेलो. मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली दिवेकरांनी जी मशीद बांधली ती आमची पहिली. हो, आमच्या घरांत सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आमची मोठी माणसं सांगत.

भांडुपचे एक वाचक : राग मानू नका. तुम्ही आधी मराठी की आधी ज्यू?

राग नाही. हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून विचारतात. फक्त ‘आधी’ हा शब्द मला कळत नाही.

आमच्या आजीला सणांची हिब्रू नावं नंतर कळली. तिच्या तोंडी नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण हीच नावं होती. मंदिर जळाल्याच्या दुःखाचा जो दिवस, त्याला ती बिरड्याचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं व्हायचं. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमला लागलेली आग आमच्या घरात सोललेल्या वालांच्या वासाने आठवली जायची. यात मराठी कुठे संपलं आणि ज्यू कुठे सुरू झालं ते तुम्ही मला दाखवा. पुण्यात १८७४ साली छापलेल्या वल्हांडण सणाच्या पोथीत, हगादात, बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. त्या साडी नेसून बसलेल्या आहेत.

माझी मावशी साठीच्या दशकात इस्रायलला गेली. तिच्या लग्नाच्या वेळी एका कचेरीत तिला आजीच्या आजीचं नाव विचारलं, ती खरंच ज्यू होती हे दाखवा म्हणाले. तिने आईला पत्रात लिहिलं होतं, इथे मला इंडियन म्हणतात, आणि तिथे आपल्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. अशा चौकशीविरुद्ध आमच्या लोकांनी तिथे धरणी धरली, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. मावशी तिथेच राहिली, मुलं तिथे वाढली. शेवटपर्यंत पत्रं मात्र मराठीत लिहीत होती, मोडकी होत गेलेली, पण मराठीत. मला तिचं दुःख या राष्ट्राच्या किंवा त्या राष्ट्राच्या नावावर टाकायचं नाही. ज्या कादंबऱ्या एका माणसाला एकच घर देऊन मोकळ्या होतात त्या मला पटत नाहीत, त्याचं मूळ मात्र तिच्या पत्रांत आहे.

कुर्ल्याहून एका तरुणाचं पत्र : माझं आजोळ अलिबागजवळ नवगावचं. तुमच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, त्यावर मराठीत कादंबरी लिहितो आहे. तीन अडचणी आहेत. साल कोणतं धरू? माहिती फारच थोडी आहे, काय करू? आणि मी तुमच्या समाजाचा नाही, मला लिहायचा अधिकार आहे का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

अधिकाराचं आधी. सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या असं आम्ही मानतो. त्यांना पहिलं कोरडं वस्त्र कोणी दिलं? वाहून आलेली प्रेतं पुरायला जागा कोणी दिली? तुझ्या आजोळच्या माणसांनी. म्हणजे निम्मी गोष्ट तुमच्याकडे आहे, आणि ती अजून कोणी सांगितलेली नाही. आमच्या माणसांना जे नाव मिळालं ते तुमच्या लोकांनी दिलेलं : शनवार तेली. तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्या गावातल्या पहिल्या शनिवारी शेजारच्या बाईला काय वाटलं असेल? बैल गोठ्यात, घाण्याचा आवाज नाही, कोणी आजारी नाही, कोणी मेलेलं नाही. तिने काय विचारलं आणि तिला काय उत्तर मिळालं? तू तिच्याकडून लिही. एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ वाचून घे, २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. कोकण किनाऱ्यावरच्या दांड्यात एकटी राहिलेली बाई आपलं सिनेगॉग वाचवते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला आमच्या स्वयंपाकाची एक कृती आहे. पण ती इंग्रजीत आहे आणि अलीकडच्या काळाची आहे. गलबताच्या मराठी कादंबरीची मी वाट बघत बसले आहे.

साल घालूच नकोस. केहिमकरांनी आमचा इतिहास लिहिला तेव्हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा अंदाज केला. इतरांनी त्याच्या आधीचे आणि पुष्कळ नंतरचे काळ सुचवले आहेत. एकही साल पक्कं नाही. आमच्या माणसांना साल आठवलं नाही, तर कादंबरीला तरी का आठवावं? पहिल्या पानावर सन छापलास की वाचक इतिहासाच्या पुस्तकासारखा ताठ बसेल, आणि तुझ्या हातातून ती माणसं निसटतील. ऋतू दे. वारा दे. तुझ्या मामाच्या गावचे कोळी कोणत्या महिन्यात होड्या वर ओढतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता माहितीचं. अमिताव घोष यांचं ‘इन ॲन अँटिक लँड’ वाच, १९९२ चं. कादंबरी म्हणून नव्हे, काम कसं करायचं ते शिकायला. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये एक खोली होती. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही म्हणून सगळे जुने कागद तिथे शतकानुशतकं साठले. त्या कागदांतून बाराव्या शतकातला अब्राहाम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी सापडतो, जो मंगळूरला सतरा-अठरा वर्षं राहिला. त्याचा एक दास होता, बोम्मा. त्याच्याविषयी पत्रांत अगदी तुटपुंजे उल्लेख आहेत. लेखक जिथे कागद आहे तिथे ठामपणे बोलतो आणि जिथे नाही तिथे ‘बहुधा’ म्हणायला लाजत नाही. ते ‘बहुधा’ वाचताना मला ती माणसं जास्त खरी वाटली.

तुझ्याकडे कागद नाहीत. समुद्रात पोथ्या गेल्या, भाषा गेली, बुडालेल्यांची नावं गेली. राहिलं ते इतकं : शनिवार, मुलांची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाणं, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तिच्या सुरुवातीच्या शब्दांवर जन्म, लग्न, मरण सगळं निभावलं. कच्च्या मसुद्यात तू एका शहाण्या म्हाताऱ्याकडून यरुशलेमचं सगळं वर्णन मुलांना सांगवलं आहेस, असं लिहितोस. तो म्हातारा काढून टाक, बाळा. ते वर्णन सुंदर असेल, पण ते माहीत असतं तर आम्ही आम्ही झालो नसतो. मुलगा विचारतो, आजी, शनिवारी घाणा का बंद? आणि आजीला एवढंच सांगता येतं, आपल्यात बंद असतो. ती पोकळी बुजवू नकोस. शेकडो वर्षं लोक एका ‘आपल्यात असतं’ वर टिकून राहिले. तुझी कादंबरी तिथे आहे.

आणि एक प्रसंग तुला देते, वापर. आमच्याकडे सांगतात की पुष्कळ काळाने दाविद राहाबी नावाचा कोणी ज्यू कोकणात आला. तो कोण, कुठल्या शतकातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याला ऐकायला आलं, इथे शनिवार पाळणारे तेली आहेत. खात्री करायला त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांची मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. त्यावरून त्याने ओळखलं. पुढे त्याने तिघा पुरुषांना शिकवून तयार केलं, त्यांची घराणी आजही सांगतात. टोपलीपुढे बसलेल्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. परीक्षा आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्या रोजच्यासारखी मासळी निवडत होत्या, आणि तेवढ्यात सगळ्या समाजाचं कोण-कुठले ठरून गेलं. तुझ्या घरच्या बायका कोळंबी आणि निवट्या कशा निवडतात ते तू पाहिलेलं आहेस, तेव्हा हे प्रकरण तुला मुंबईत बसूनही लिहिता येईल. तरी एकदा नवगावला जा, आमच्या तिथल्या जुन्या कबरस्तानात थोडा वेळ बस, आणि तिथून अलिबागजवळच्याच खंडाळा गावी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, टापा बघून ये. त्या खडकावरची खूण त्याच्या रथाच्या घोड्याची असं आम्ही म्हणतो. आमच्या बायका तिथे पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा घेऊन नवस फेडायला जातात. गावातल्या इतर बायकाही हात जोडतात, त्यांना काय वाटतं ते विचार.

मसुदा टाइप केलेला नसला तरी चालेल, हाताचं अक्षर मला वाचता येतं. संपादकांकडून माझा पत्ता घे आणि शनिवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी घेऊन ये.